‘ओलाव्याचं यंत्र ७ टक्क्यांनी चुकतं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा तुमचा रिव्ह्यू वाचला. काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत यंत्राने ३१ टक्के दाखवले, त्याच जागेची माती प्रयोगशाळेत दिली तर २४ टक्के निघाले. यावरून यंत्र ७ टक्क्यांनी चुकतं असं तुम्ही ठरवलंत आणि ‘दिसेल त्यातून ७ वजा करा’ असा सल्ला बागायतदारांना दिलात. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवतात आणि उडालेल्या पाण्याच्या वजनाला कोरड्या मातीच्या वजनाने भागतात. हा झाला वजनावरचा ओलावा. आमचा सेन्सर आकारमानावरचा ओलावा देतो, म्हणजे १०० घन सेंटिमीटर मातीत किती घन सेंटिमीटर पाणी आहे ते. पहिल्यावरून दुसरा काढायला मातीच्या घनतेने, म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम कोरडी माती आहे त्या आकड्याने, गुणावं लागतं. घनता १.३ धरली तर २४ गुणिले १.३, म्हणजे ३१.२. या हिशोबाने तुमच्या चाचणीत यंत्र पास झालं आहे!

अर्थात १.३ हा आकडाही कुणी डोळे झाकून धरू नये. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि घनता त्याप्रमाणे बदलते. म्हणून ती जागेवरच मोजायची. ५ सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची लोखंडी रिंग वर लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत मातीत उतरवायची, दोन्ही बाजू सुरीने सपाट कापायच्या, माती सुकवून तिच्या ग्रॅममधल्या वजनाला ९८ ने भागायचं, कारण रिंगमध्ये साधारण तेवढे घन सेंटिमीटर माती बसते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालय आपल्या नागपुरात, अमरावती रोडवर आहे. मातीतल्या जाणकाराला एक फोन केला असता तरी ही गोष्ट लिहिण्याआधीच स्पष्ट झाली असती.

दुसरी तक्रार, रीडिंग एका दिवसात ११ वर कोसळल्याची. तुमच्याच फोटोत सेन्सरच्या पात्याला लागून बोटभर रुंद भेग दिसते. सेन्सर पाणी मोजतो तो मातीच्या विद्युत गुणधर्मावरून: पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत ऊर्जा साठवण्याच्या क्षमतेचा आकडा) सुमारे ८०, हवेचा १. पात्याला हवा लागली की आकडा पडणारच. बसवताना पात्यापेक्षा किंचित अरुंद भोक घ्यायचं, त्याच खड्ड्यातल्या मातीचा पातळ चिखल आत ओतायचा, वरून दाबायचं आणि ओल्या-सुक्याच्या दोन पाळ्या होईपर्यंत रीडिंगवर निर्णय घ्यायचा नाही. जागा झाडाच्या घेराखाली, ड्रिपरपासून थोडं बाजूला, ३० सेंटिमीटर खोल. भेगाळ रानात एका सेन्सरवर भिस्त ठेवू नये, हे तुमचं म्हणणं मात्र आम्हाला मान्य आहे. दर १५ मिनिटांनी रीडिंग घेतलं तर बॅटरी लवकर उतरते, हेही खरं.

आम्हाला खरी काळजी आहे ती ‘७ वजा करा’ची. आंबिया बहाराचा ताण चालू आहे, म्हणजे संत्र्याला भरपूर फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी मुद्दाम तोडलेलं आहे. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, त्यामुळे ताण बसायला आधीच वेळ लागतो. तुमचं वाचून एखाद्याने ३१ चे २४ धरले तर जमीन पुरेशी सुकली असं समजून तो ठिबक सुरू करेल. ताण अर्धवट तुटला की फुलांऐवजी नवती, म्हणजे नुसती नवी पालवी फुटते आणि वर्षाचा बहार हातचा जातो.

नागपूरच्या छोट्या कंपन्यांबद्दल कडक लिहा, ते गरजेचंच आहे. फुकटची वाहवा आम्हाला नको आणि शेतकऱ्याच्याही ती कामाची नाही. पण दोष छापण्याआधी कंपनीला नेमके प्रश्न पाठवून ४८ तास देणं ही साधी व्यावसायिक रीत आहे. आम्हाला एकही प्रश्न आला नाही. लेखाच्या तळाशी एका आयात यंत्राची खरेदीची लिंक आहे, तिच्यात कमिशनचा टॅग उघड दिसतो, पण तसं वाचकाला कुठेच सांगितलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा आर्थिक संबंध जाहीर करावा लागतो. आमचं यंत्रही तुम्हाला चाचणीसाठी मोफत दिलं होतं. तेही लेखात लिहायला हवं होतं.

फेरचाचणीसाठी बाग तुम्ही निवडा, नमुने तुम्ही काढा, प्रयोगशाळाही तुमच्या पसंतीची. रिंग आणि तीन सेन्सर आम्ही देतो, निकाल काहीही आला तरी तो पूर्ण छापा. तोवर एवढंच करा: ‘७ वजा करा’ हे वाक्य आजच काढा, आणि दुरुस्ती लेखाच्या तळाशी न टाकता शीर्षकाखाली, तारखेसह द्या.