तीन लाख किलोमीटर आणि इंजेक्शन पंप

जुन्या ट्रकवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. इंजिनात दाबाने डिझेल सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाचं आयुष्य तीन लाख किलोमीटर. तेवढे झाले की पंप चांगला चालत असला तरी उतरवून एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल) बदलून घ्या. आणि कमी गंधकाचं डिझेल पंप खातं, म्हणून टाकीत इंजिन ऑइल ओता. हे वाचून लोक धडधाकट पंप उघडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी तीन लाखांचं बघू. पंप कुठला, हे त्यात सांगितलेलंच नाही. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट असतं आणि खालच्या कॅमशाफ्टला बहुतेक ट्रकमध्ये इंजिनचंच ऑइल मिळतं. बॉशचा व्हीई किंवा सीएव्हीचा डीपीए हे रोटरी पंप. त्यांना वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरं काही नाही. या दोन जातींना एकच आकडा कसा लावणार? शिवाय फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना पंपाची एक फेरी होतेच, मग गाडी धावत असो वा उभी. दिवसभर आयडलवर घरघरणाऱ्या डंपरचा पंप मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त झिजलेला असतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंपात काय शिरतं. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट साधारण २ ते ४ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. फिल्टरमधून निसटलेला बारीक कण इतक्या फटीत ओरखडा पाडतोच. पाणी त्याहून घातक. चालू इंजिनात ते वंगणाचा थर तोडतं, उभ्या गाडीत गंज चढवतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या ट्रकमध्ये तर रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी, अडकून बसतो. स्टार्टर मारण्याआधी तो मोकळा सरकतोय ना हे हाताने पाहाच, कारण भरल्या डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुसाट सुटतं. वॉटर सेपरेटर वेळेवर रिकामा होणारा पंप तीन लाखांनंतरही निवांत चालतो, आणि गढूळ डिझेलवरचा त्याच्या कितीतरी आधी बसतो.

चालता पंप उघडण्याचा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. प्लंजर-बॅरल जोडीने घासून बसवलेले असतात, एकाचा दुसऱ्यात चालत नाही. उघडला की बेंचवर कॅलिब्रेशन आलंच. प्रत्येक लाइनला सारखं डिझेल आणि ठरल्या अंशावर सुरुवात. त्यात कसर राहिली तर आधीपेक्षा वाईट पंप गाडीवर चढतो. पिकअप नाही, धूर येतो, इंजिन चुकतं, अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा पंपाबाहेरच असतं: सक्शन लाइनने धरलेली हवा, तुंबलेला फिल्टर, थकलेला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची ढिली स्प्रिंग, गळकं नोझल. पंपाचा बोल्ट सोडण्याआधी हे सगळं तपासून व्हायला हवं.

डिझेलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगण देणारे घटकही निघून जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये असं डिझेल आलं तेव्हा रोटरी पंप खरोखरच झिजले. पण त्यावर उपायही झाला. डिझेलमध्ये वंगण वाढवणारी रसायनं मिसळू लागले, आणि पुढे मानकांत मर्यादाही आली. त्याच्या चाचणीत ६ मिलिमीटरची पोलादी गोळी डिझेलमध्ये ७५ मिनिटं घासतात. युरोपच्या ईएन ५९० मानकानुसार तिच्यावरची खूण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठी चालत नाही. जुने रबरी सील नव्या डिझेलवर आक्रसून गळतात हे खरं, पण त्यासाठी सील बदलायचे असतात, एलिमेंट नव्हे.

टाकीत ऑइल ओतू नका. नव्या ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख होते, आणि जुन्या ऑइलमधून काजळी व धातूचे कण थेट त्या २ ते ४ मायक्रॉनच्या फटीत जातात.

मग पंप उघडायचा कधी? रोटरी पंपाची गाडी थंड असताना लगेच सुरू होते, पण गरम झाल्यावर घेत नाही, असं असेल तर बंद इंजिनावर पंपाला ओलं फडकं गुंडाळून थोडं थांबा. मग सुरू झाली, तर हेड-रोटर (पंपातला डिझेल दाबून वाटणारा भाग) झिजलाय. (गरम पंपावर गार पाणी ओतू नका, जाम होऊ शकतो.) इनलाइन पंपात इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर एलिमेंटवर संशय घ्या. पण तिथेही आधी पंपाच्या कुशीला बसवलेला फीड पंप काढून बघा, त्याच्या दांड्याजवळूनही डिझेल खाली उतरतं.