‘अकरा दिवस नुसते बसून राहिले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुमच्या ऑनलाइन समुदायाच्या संकेतस्थळासाठी घेतलेलं प्लगइन (संकेतस्थळाला जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) सुरक्षित आहे का हे तपासायला आम्ही अकरा दिवस लावले, तेवढे दिवस ‘नुसते बसून राहिलो’, शेवटी ‘बसवू नका’ एवढंच सांगितलं, आणि फुकटचा स्कॅनर (फायली आपोआप तपासणारं साधन) जे दोन मिनिटांत सांगतो त्यासाठी लोकांना घाबरवून धंदा करतो, असं तुम्ही लिहिलं आहे. तुमचे सभासद खोळंबले, तुम्हाला त्यांना उत्तरं द्यावी लागली, याबद्दल मनापासून माफी मागते. काम कुठवर आलंय हे आम्ही मध्ये मध्ये कळवायला हवं होतं. ते राहिलं, चूक आमची.

पण अकरा दिवसांचा हिशेब मला मांडू द्या, कारण हा आकडा आता आमच्याकडे येऊ पाहणारा प्रत्येक जण वाचतो आहे.

सोमवारी दुपारी तुमची झिप फाईल आली. त्याच संध्याकाळी आम्ही विचारलं, ही कुठून उतरवलीत? डेव्हलपरने स्वतः जाहीर केलेला हॅश (फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) आणि तुमच्या फाईलचा हॅश जुळत नव्हता. एसएचए-२५६ या हॅश काढायच्या पद्धतीत फाईलमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे ‘आवृत्ती तीच आहे, थोडा फरक असेल’ असं म्हणून पुढे जाता येत नाही. तुमचं उत्तर शुक्रवारी आलं, की एका ओळखीच्यांनी दिली. मूळ फाईल शनिवारी मिळाली. शनिवार-रविवार आम्ही दोघंही त्याच कामावर होतो. सोमवारी अहवाल जवळजवळ लिहून झाला होता, तेवढ्यात संध्याकाळी तुमचा निरोप आला, ‘नवी आवृत्ती आलीये, जुनी सोडा, हीच बघा.’ ती पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि गुरुवारी सकाळी अहवाल पाठवला. अंतिम फाईल मिळाल्यापासून कामाचे तीन दिवस, हे आम्ही सुरुवातीलाच कळवलं होतं. नव्या आवृत्तीला त्याहून कमी वेळ लागला. बसून राहिलो, हे वाक्य मला लागलं, ते यामुळे.

नुसता हॅश जुळत नाही म्हणून एवढं कशाला अडायचं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली आकसून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर, म्हणजे छुपा चोरदरवाजा, सापडला. ज्यांनी फक्त उघडा ठेवलेला सोर्स कोड वाचला असता, त्यांना सगळा सापळा दिसला नसता. तो जागा करणारा तुकडा वाटपासाठी बांधलेल्या फाईलमध्येच घातलेला होता. म्हणून जी फाईल प्रत्यक्ष सर्व्हरवर चढणार आहे तीच आम्ही वाचतो, आणि ती कुणाच्या हातून आली हे आधी विचारतो. पैसे देऊन घ्यायचं प्लगइन हातोहात फिरत आलेलं असेल तर फारच जपून.

आता स्कॅनरबद्दल. स्कॅनर आम्हीही चालवतो, पहिल्याच दिवशी. तो ओळखीच्या खुणा शोधतो: बेस-६४ मध्ये (वरवर निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांत) गुंडाळलेला कोड उलगडून इव्हॅल या आज्ञेने चालवणं, माहीत असलेल्या बॅकडोरचे तुकडे. तुमच्या प्लगइनमध्ये तसलं काही नाही, आणि हे अहवालात आम्ही लिहिलंय. पण ते प्लगइन प्रत्येक सभासदाच्या ब्राउझरमध्ये बाहेरच्या एका डोमेनवरून स्क्रिप्ट आणून चालवतं. आज ती स्क्रिप्ट निरुपद्रवी आहे. उद्या त्या डोमेनचा मालक बदलला, तर तुमच्या सर्व्हरवरची एकही फाईल न बदलता सभासदांपर्यंत काहीही पोहोचू शकतं. पॉलिफिल डॉट आयओ या, अनेक संकेतस्थळांना तयार स्क्रिप्ट पुरवणाऱ्या डोमेनचं हेच झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि जूनमध्ये एक लाखाहून जास्त संकेतस्थळांना त्याची झळ पोहोचली. दोन मिनिटांचा स्कॅन समोरची फाईल बघतो. ती फाईल उद्या कुठून काय आणेल, हे त्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सेटिंग जतन होताना ती विनंती खरोखर ॲडमिनच्या पानावरून आली का, हे पटवणारं टोकन, म्हणजे विनंतीसोबत जाणारी गुप्त खूणच, त्यात नाही. म्हणजे लॉगिन असलेल्या ॲडमिनने दुसरीकडची एखादी लिंक उघडली, तर त्याच्या नकळत सेटिंग बदलता येते. आणि त्याच सेटिंगमधला स्वागताचा मजकूर, त्यात कुणी कोड घातला असला तरी तो न गाळता, जसाच्या तसा सगळ्यांच्या पानावर छापला जातो. या दोन्ही उणिवा एकत्र आल्या की एका लिंकमधून सगळ्या सभासदांवर स्क्रिप्ट चालवता येते. ‘बसवू नका’ याच्यामागे हे होतं. फायलींची नावं आणि ओळींचे क्रमांक अहवालात दिले आहेत. भाषा जड झाली असेल, हे मान्य करते.

बुधवारी तुम्ही म्हणालात, ‘निदान आज “ठीक आहे” एवढं लिहून द्या, बाकीचं नंतर बघू.’ ते मी दिलं नाही, आणि मला वाटतं खरा राग तिथून आला. पण तुमच्या सभासदांनी त्यांचे ईमेल, पासवर्ड, एकमेकांना लिहिलेले खासगी निरोप तुमच्यावर विश्वास ठेवून दिले आहेत. त्या कागदावर माझी सही असती. आम्ही दोघंच हे काम करतो, जाहिरात करत नाही, लोक एकमेकांना सांगतात त्यावर आमचं चालतं. तुमचा अभिप्राय वाचून या आठवड्यात दोघांनी काम देण्याआधी खुलासा मागितला. घाबरवून धंदा करायचा असता, तर ‘तसलं काही सापडलं नाही’ हे वाक्य आम्ही लिहिलंच नसतं.

यापुढे काम कुठवर आलंय ते कळवत राहू, आणि अहवालासोबत सोप्या भाषेत एक पान देण्याचा विचार चालू आहे. दोन्ही उणिवा डेव्हलपरला खासगीत कळवायच्या का, हे मी तुम्हाला शुक्रवारी विचारलं होतं. तुमचं उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर आजच कळवते. दुरुस्त आवृत्ती आली की ती रांगेत न ठेवता आधी बघेन. तोवर कृपा करून ते बंदच ठेवा.