तो येत नाही म्हणतो? मग तुम्ही जा

"ह्यांना कुठेतरी न्यायचंय हो, पण ते तयारच होत नाहीत." दारूने पोखरलेल्या घरांतून हेच ऐकू येतं, आणि त्यात वर्षं जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याच्या 'हो'ची वाट बघत बसू नका. तुम्ही आधी जा.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांच्या आधाराने चालणारी संघटना. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळी आहे. 1951 मध्ये एएतल्या माणसांच्या बायकांनीच ती उभी केली. तिथे बायको, आई, भाऊ, मुलगा कोणीही जाऊ शकतं, घरातला माणूस अजून पीत असला तरी. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा 'सहचरी' हा खास पत्नींचा गट आहे.

गट शोधायला एएच्या किंवा अल-अनॉनच्या हेल्पलाइनला फोन करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची 14446 ही टोल-फ्री लाइनही आहे. पण नुसता पत्ता घेऊन फोन ठेवू नका. बऱ्याच मिटिंगा संध्याकाळी शाळेच्या नाहीतर चर्चच्या एखाद्या खोलीत भरतात. पुढचं गेट बंद, मागचं कुठलं ते माहीत नाही, आणि वॉचमनसमोर 'दारू' हा शब्द तोंडातून निघत नाही. कितीतरी बायका तिथूनच परत फिरतात. म्हणून गेट कुठलं, मजला कितवा, मिटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत, सगळं विचारून घ्या. "मी पहिल्यांदाच येतेय, गेटवर कोणी थांबेल का?" असंही बिनधास्त विचारा. आणि ओपन की क्लोज्ड? एएच्या क्लोज्ड मिटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय तोच बसतो. ओपनला तुम्हीही बसू शकता.

फी नाही. थैली फिरते, पण नव्या माणसाने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. नाव फक्त पहिलं. पहिल्या दिवशी गप्प बसलात तरी चालतं.

बिनसतं ते अपेक्षेत. "त्याला जरा समजवा" म्हणायला आपण जातो आणि तिथे त्याच्याबद्दल कोणी काही ठरवतच नाही. एकजण बोलतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. पहिल्या वेळी वाटतं, उपयोग काय? म्हणूनच अल-अनॉनमध्ये निदान सहा मिटिंगा करून मग ठरवा असं सांगतात. सहा कराच.

एक गोष्ट मात्र गटावर सोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर नसलेले किडे दिसायला लागतात. यात माणूस दगावतो. तेव्हा बंद करायच्या आधी डॉक्टर. आणि भाजीत, चहात गुपचूप गोळी मिसळायची असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी पोटात असताना तो प्यायला तर बीपी कोसळून जीवावर बेततं.

घरात मारहाण होत असेल तर मिटिंगची वाट बघू नका. 181 किंवा 112 लावा.

त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, उतरलेली असताना. रात्री वाद घालून हाती काही लागत नाही. आणि जवळच्या मिटिंगांचे वार, वेळ, पत्ता आजच एका कागदावर लिहून कपाटात ठेवा. एखाद्या सकाळी तो स्वतःच म्हणेल, "चल, जाऊ." तेव्हा शोधाशोध नको. त्याच संध्याकाळची मिटिंग गाठता आली पाहिजे.