चरणजित सिंगांनी राग यंत्रात ‘भरले’ नव्हते, हाताने वाजवले होते

“मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ॲसिड हाउसचा शोध लावला. त्यांनी दहा राग रोलँडच्या टीबी-३०३ यंत्रात भरले आणि यंत्राने ते मींडेसकट आपोआप वाजवले. सगळी यंत्रं मिडीने जोडलेली होती. ८०८ यंत्रात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग होतं. पुढे शिकागोच्या गोऱ्यांनी ही रेकॉर्ड ऐकून कल्पना चोरली. तो आवाज फक्त मूळ यंत्रातूनच निघतो, बाकी सगळ्या नकला कचरा. जपानहून मागवा, स्वस्त पडतं. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.”

हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. (ॲसिड हाउस हा यंत्रांवर बनणाऱ्या नृत्यसंगीताचा एक प्रकार. टीबी-३०३ हे रोलँड या जपानी कंपनीचं बेसचं यंत्र, ८०८ हे तिचंच ड्रमचं.) आजवर दुर्लक्ष केलं, पण आता तो वाचून माझा भाचा एका अनोळखी विक्रेत्याला ‘ओरिजिनल’ ३०३ साठी आगाऊ रक्कम पाठवायला निघाला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सगळ्यात आधी तो, ज्याने चरणजित सिंगांचाच सगळ्यात मोठा अपमान होतो.

राग यंत्रात भरले, यंत्राने मींड काढली. साफ खोटं. आणि ते सिद्ध करायला साधं गणित पुरतं.

३०३ हे एका वेळी एकच स्वर वाजवणारं बेसचं यंत्र आहे. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं, ते एकट्या गिटारवाल्याला मागे बेसची साथ मिळावी म्हणून. त्यात सोळा घरांचा सीक्वेन्सर आहे, म्हणजे भरलेला स्वरांचा साचा (पॅटर्न) पुन्हा पुन्हा वाजवणारी सोय. प्रत्येक स्वराला दोन खुणा लावता येतात: ॲक्सेंट, म्हणजे जोर, आणि स्लाइड, म्हणजे या स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जाणं. या स्लाइडलाच लोक मींड म्हणताहेत. पण तिचा वेळ ठरलेला आहे, साधारण ६० मिलिसेकंद. तो बदलायला यंत्रावर नॉबच नाही. सा वरून कोमल रे वर जा किंवा सप्तक ओलांडून तार सा वर जा, वेळ तेवढाच. आता मिनिटाला १२५ ठोके धरा. एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक घर १२० मिलिसेकंदांचं. म्हणजे स्लाइड अर्ध्या घरात संपते. विलंबित ख्यालातली मींड सेकंद-दोन सेकंद चालते, मधल्या श्रुतींवर रेंगाळते, कधी अर्ध्यात थांबून परत फिरते. यातलं काहीही ३०३ ला जमत नाही. ते ढकलल्यासारखं झटकन सरकतं, आणि त्या सरकण्याची मजा वेगळी आहे. तिला मींड म्हणू नका.

मग रेकॉर्डवर राग वाजवतंय कोण? रोलँडचा ज्युपिटर-८, आणि त्यावर चरणजित सिंगांची बोटं. एका वेळी आठ स्वर देणारा हा ॲनालॉग सिंथेसायझर १९८१ मध्ये बाजारात आला. त्याला पोर्टामेंटोचा नॉब आहे, त्यामुळे घसरण किती वेळात व्हावी ते वादक ठरवतो. डाव्या हाताशी बेंडरचा दांडा आहे, त्याने वाजता स्वर वर-खाली ओढता येतो. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नीट हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला ठेका यायच्या आधी आलापासारखे मोकळे स्वर येतात, ते कुठल्याही घरात बसत नाहीत. ठेका सुरू झाला की खाली एक बेस फिरत राहतो, पुन्हा पुन्हा तोच. ते ३०३. वरची सुरावट मात्र दोनदा सारखी येत नाही. ताना लांबतात, तुटतात, समेच्या जरा आधी सुटतात. सोळा घरांत भरलेली गोष्ट अशी वागत नाही. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवलेल्या माणसाचा हात आहे तो. अशा माणसाबद्दल ‘यंत्राने आपोआप वाजवलं’ असं लिहायचं आणि खाली अभिमान बाळगा म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

शास्त्रीय संगीतातली मंडळी एक आक्षेप घेतात, तो मान्य करायला हवा. ज्युपिटर-८ च्या पट्ट्या बारा समान स्वरांच्या आहेत. तोडीचा अतिकोमल रे तिथे नाही. बेंडरने तो गाठता येतो, पण भरधाव तानेत दर वेळी नाही. हार्मोनियमला जी मर्यादा आहे, तीच इथे आहे.

मिडीने जोडली होती? मिडी, म्हणजे वाद्ययंत्रं एकमेकांना जोडायची डिजिटल पद्धत, आलं १९८३ मध्ये. १९८२ च्या या तीन यंत्रांपैकी एकालाही मिडी नव्हतं. ८०८ आणि ३०३ एकमेकांना रोलँडच्या सिंकने जोडतात. त्याची पाच पिनांची सॉकेट दिसायला हुबेहूब मिडीसारखी असते, आणि इथेच आजही लोक फसतात. केबल बसते, यंत्रं मात्र हलत नाहीत. त्या तारेतून स्वर जात नाहीत; फक्त सुरू-बंद आणि दर ठोक्याला २४ टिचक्या जातात. आजच्या संगणकाला जुनं ३०३ जोडायचं तर मधे मिडीचं सिंकमध्ये रूपांतर करणारा डबा लागतो. ज्युपिटर-८ ला तर तेही नाही. त्याच्या आर्पेजिएटरला (दाबलेले स्वर एकेक करून वाजवणाऱ्या सोयीला) मागून क्लॉक, म्हणजे लयीच्या टिचक्या, देता येतो, आणि ८०८ च्या मागच्या ट्रिगर आउटमधून तो घेता येतो. बाकी सगळं हाताने.

८०८ मध्ये खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग होतं, हेही चूक. ८०८ मधला प्रत्येक आवाज ॲनालॉग सर्किटमधून तयार होतो. किक म्हणजे एक ठोका मिळाल्यावर घुमून विरत जाणारा ऑसिलेटर, म्हणजे कंपन निर्माण करणारं सर्किट. रेकॉर्ड केलेले ड्रम होते ते रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ड्रम यंत्रात. तेही १९८० चंच यंत्र, त्यामुळे गोंधळ झाला असेल.

आता चोरीचा आरोप. यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. ती रेकॉर्ड आणि पाच वर्षांनंतरचं शिकागोचं ॲसिड यांचा पोत थक्क व्हावं इतका सारखा आहे. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, तेव्हा हे कुणीतरी आजच बनवून जुनं म्हणून खपवतंय, अशी शंका जाणकारांनाही आली. पण सारखं असणं म्हणजे चोरी नव्हे. एचएमव्हीने ती रेकॉर्ड भारतात काढली, ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. शिकागोच्या पोरांच्या हाती ती पडल्याचा एकही पुरावा आजवर कुणी दिलेला नाही.

आणि ‘गोरे’ कुठले? फ्यूचर या गटातले डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे हे तिघेही कृष्णवर्णीय तरुण. हाउस संगीत शिकागोच्या कृष्णवर्णीय क्लबांमधून उभं राहिलं. स्पँकीने वापरलेलं ३०३ स्वस्तात घेतलं. ते नीट कसं वापरायचं हे माहीत नव्हतं, म्हणून पॅटर्न चालू ठेवून नॉब फिरवत बसले. त्याची टेप डीजे रॉन हार्डीने म्युझिक बॉक्स क्लबमध्ये वाजवली आणि १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने काढली. त्यांचं नवेपण कशात आहे ते ऐकलं की कळतं. राग नाही, सुरावट जवळपास नाहीच. बेसचं यंत्र पुढे आणून बसवलंय आणि कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप हे आवाजाचा पोत बदलणारे नॉब मिनिटामिनिटांनी फिरतात, तेच गाणं. चरणजित सिंगांकडे ३०३ खाली आहे, वर राग आहे. यंत्रं तीच, हेतू वेगळे.

चरणजित सिंगांचा हेतू त्यांच्याच तोंडून आलेला आहे. ‘द गार्डियन’ला २०११ मध्ये दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की तेव्हा सिनेमात डिस्कोचा सुकाळ होता, म्हणून त्याच डिस्कोत काही वेगळं करावं असं वाटलं: राग घ्यायचे, तबला काढायचा, तिथे डिस्कोचा ठेका ठेवायचा. घरी ही यंत्रं एकत्र वाजवून सराव केला, चांगलं वाटलं, मग रेकॉर्ड केलं. नवा प्रकार शोधल्याचा दावा यात नाही. ‘सराव केला’ हा शब्द मात्र आहे, आणि यंत्राने आपोआप वाजवल्याची गोष्ट तिथेच संपते. डिस्कोचा एकसारखा यांत्रिक बेस जॉर्जो मोरोडरने १९७७ मध्येच डॉना समरच्या गाण्यात आणला होता. ३०३ सुद्धा १९८२ मध्येच ब्रिटनच्या हेवन सेव्हन्टीन या गटाने वापरलं होतं. मुंबई आणि शिकागो, दोन्ही ठिकाणी ही हवा पोचली होती.

उरला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा: मूळ यंत्रच हवं, जपानहून मागवा.

३०३ १९८४ मध्येच बंद झालं, कारण बेसगिटारची नक्कल म्हणून ते फसलं होतं. थोडीच बनली, म्हणून आज एकेकाची किंमत लाखांत. चाळीस वर्षांचं यंत्र घेताना फोटो पाहून पैसे पाठवायचे नसतात. खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा. त्यात चार मोठे सेल बसतात. सेल वर्षानुवर्षं तसेच राहिले असतील तर गळून स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर चढतो, आणि तो पुढे तारांपर्यंत जातो. पॅटर्नची स्मृती याच सेलांवर टिकते. सेल काढले की भरलेलं जातं आणि वाटेल ते स्वर उरतात, ते बिघाडाचं लक्षण नाही. बटणं एकेक दाबून पाहायला लावा. दाबलं एकदा आणि स्वर दोनदा आला तर स्विच झिजलेत, ते बदलता येतात. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो. गंजलेला नट सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, तो धूळ धरतो. अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण पिनेची दिशा सॉकेटशेजारच्या खुणेवर बघूनच लावा. रोलँडच्या अशा छोट्या यंत्रांत मधली पिन ऋण असते, कॉर्ग कंपनीच्या व्होल्का या छोट्या यंत्रांत धन. घरातला दुसरा अडॅप्टर बसतो म्हणून लावला की यंत्र जाऊ शकतं.

‘जपानहून मागवा’ हा सल्ला तर ८०८ च्या बाबतीत सरळ घातक आहे. ३०३ अडॅप्टरवर चालतं, पण ८०८ थेट भिंतीतल्या विजेवर. जपानी घरांत १०० व्होल्ट असतात. तिथलं ८०८ आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलं तर पहिला बळी आतला पॉवर सप्लाय. फक्त पिन बदलणारा छोटा कन्व्हर्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे दुकानदारही कधी सांगत नाहीत. २३० वरून १०० वर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. या यंत्राला वीज थोडी लागते, ५० व्हीएचा पुरतो. लावण्याआधी मागच्या पट्टीवर किती व्होल्ट छापलेत ते वाचा.

आणि नकला कचरा? रोलँडचं स्वतःचं टीबी-०३ डिजिटल आहे, बेहरिंगरचं टीडी-३ ॲनालॉग. दोन्ही मूळ यंत्राच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त. शेजारी शेजारी ठेवली तर खोल ॲक्सेंट आणि टोकाच्या रेझोनन्सला फरक जाणवतो, हे मान्य. पण १९८२ ची मूळ यंत्रंही एकमेकांसारखी वाजत नव्हती. भाच्याच्या अडचणीचं मूळ किमतीत नाहीच, पॅटर्न भरता न येण्यात आहे. तो भरून बघू.

मालकंस घ्या. सी ही पट्टी सा धरली तर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी म्हणजे सी, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट, बी फ्लॅट. ठेका १२५, किक १, ५, ९, १३ या घरांवर, उघडी हाय-हॅट ३, ७, ११, १५ वर. बेसची सोळा घरं अशी:

सा सा – ग | म – सा – | ध नी – सा | – म ग –

ध आणि नी मंद्र सप्तकात. घरं सोळा, पण स्वर दहाच. ३०३ च्या पद्धतीत आधी पिच मोडमध्ये हे दहा स्वर ओळीने भरायचे, मोकळी घरं मोजायची नाहीत. मग टाइम मोडमध्ये सोळाही घरं स्वर किंवा विराम म्हणून भरायची. पिच मोडमध्येच विराम घालायला गेलात तर तिथून पुढचा प्रत्येक स्वर एक घर सरकतो आणि सगळं बेसूर वाटतं. यंत्राला दोष देणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच असते. स्लाइड ध वर आणि शेवटच्या म वर लावा, कारण त्यांच्या लगेच पुढे स्वर आहे. विरामाआधी लावलेली स्लाइड ऐकू येत नाही. ॲक्सेंट पहिल्या आणि बाराव्या घरातल्या सा वर. कटऑफ घड्याळाच्या दहावर, रेझोनन्स तीनवर, डिके, म्हणजे विरण्याचा वेळ, आखूड. तयार पॅटर्न उतरवून घेऊ नका: त्यांत सा-प ची जोडी हमखास असते आणि मालकंसात प वर्ज्य आहे. ललितमध्येही तेच.

हे वाजू लागलं की उजवा हात कीबोर्डवर ठेवून वर मालकंस वाजवायचा. हे टीडी-३ वर जमेपर्यंत आगाऊ रक्कम खात्यातच राहू दे.