‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून तेव्हा थांबलो. सकाळी पुन्हा वाचली, तरी जे टोचलं होतं ते टोचतच राहिलं. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एका चौकोनी कुटुंबापुढे दोन जुन्या गाड्या होत्या : २०१० ची होंडा जॅझ आणि २०११ ची फोक्सवॅगन पोलो, १.२ पेट्रोल. मी पोलो घ्या म्हटलं, कारण तिच्यासोबत पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं होती आणि जॅझसोबत फक्त विक्रेत्याचा शब्द. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘होंडा डोळे झाकून घ्यावी हे शाळकरी पोरालाही कळतं. लेखकाने आयुष्यात जुनी गाडी वापरलेली दिसत नाही, इकडून तिकडून वाचून लिहिलंय. जॅझला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, मग कागदांचं एवढं कौतुक कशाला?’ (टायमिंग बेल्ट किंवा चेन म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा किंवा साखळी.) शिवाय मागची सीट, सुट्या भागांच्या किमती, पुढे विकताना मिळणारा भाव, आणि माझी एक चूक.

चूक आधी मान्य करतो. युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ किताब पोलोला २०१० चा मिळाला. मी २००९ लिहिलं होतं. ते ती पिढी बाजारात आल्याचं वर्ष. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘आयुष्यात जुनी गाडी वापरलेली दिसत नाही’ या वाक्याकडे येतो. हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी आजवर चार गाड्या वापरल्या आणि चारही दुसऱ्याच्या हातच्या. नवी गाडी मी एकदाही घेतलेली नाही. त्यातली पहिली मी तुमच्याच पद्धतीने घेतली होती, डोळे झाकून. कंपनीचं नाव लोक आदराने घेत, मालक गोड बोलणारा होता. टायमिंग बेल्टचं विचारलं तर म्हणाला, ‘आत्ताच बदललाय.’ बिल मागायचा मला संकोच वाटला. एवढा चांगला माणूस, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा!

आठव्या महिन्यात, रात्री, पाऊस चालू असताना गाडी चालता चालता गप्प झाली. धक्का नाही, धूर नाही, काही नाही. बायको मागे बसली होती, दोन वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली. मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण नेहमीचं अडखळत, जोर लावत नव्हे. मिक्सर रिकामा फिरावा तसं सुसाट, हलकं फिरलं. तो आवाज मला आजही ओळखता येतो. आत दाब उरलेला नसतो तेव्हा सेल्फ तसा फिरतो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि बेल्टचा तुकडा माझ्या हातात ठेवला. कडा दोऱ्यादोऱ्यांनी सुटलेल्या, पाठीवर आडव्या भेगा. पिस्टन वर आला तेव्हा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडेच राहिले होते, त्यामुळे ते वाकले. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागलं. कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता. बेल्ट ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचा असतो. तो कुणी बदलला नव्हता आणि मी बिल मागायचं सोडलं होतं.

हे ‘इकडून तिकडून वाचून’ लिहिलेलं नाही. माझ्या मुलीला त्या रात्री मी पावसात कडेवर घेऊन चाललो आहे. तुमच्या मताला माझी हरकत नाही, ते वेगळं असू शकतं. पण माणसाची काही माहिती नसताना ‘याने काही केलंच नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं, याला मी टीका म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, ती बेल्टची गाडी होती आणि जॅझला चेन आहे. आहे, मी कुठे नाकारलं? त्या १.२ पोलोलाही चेनच आहे. पण चेन म्हणजे जन्माची सोय, हा समज कुठून आला? बेल्ट सहसा कोरडा चालतो, चेन इंजिन ऑइलमध्ये चालते, आणि बहुतेक इंजिनांत तिला ताणून धरणारा टेन्शनर त्याच ऑइलच्या दाबावर काम करतो. ऑइल वेळेवर बदललं नाही की त्याचा चिखल होतो, चेन झिजते आणि लांबते. म्हणजे बेल्टच्या गाडीला निदान एक मोठं बिल पुरतं. चेनच्या गाडीला दरवर्षीचं ऑइलचं बिल पाहावं लागतं. कागद चेनच्या गाडीत जास्त महत्त्वाचे आहेत, कमी नाहीत. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आणि ‘डोळे झाकून’ हा शब्द मला खरोखर सहन होत नाही. ती जॅझ मी डोळे उघडे ठेवून पाहिली. विक्रेता म्हणाला, चारही टायर गेल्याच वर्षी टाकले. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे मी गुडघ्यावर बसून वाचले. मागच्या दोन्हींवर १४१२ होतं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २०१२ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेले टायर. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर, आणि क्लचच्या पेडलवरचं रबर घासून खालचा पत्रा चमकत होता. एवढ्याच धावेत रबर इतकं झिजेल, हे मला पटलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा बोनेट गरम होतं. उद्या सकाळी गाडी थंड असताना सुरू करून पाहू म्हटलं, तर त्याला वेळ नव्हता. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे सांगतं ते गरम केल्यावर लपतं, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. यात होंडाने काय करायचं? बोनेटवरचा बिल्ला कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतचं सांगतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत कुणी काय केलं, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

मागच्या सीटबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. जॅझची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागची बैठक वर उचलून उभी करता येते आणि उंच सामान सरळ ठेवता येतं. तशी सोय पोलोत नाही. लेखात ते यायला हवं होतं, पण त्याने निर्णय बदलला नसता. सुटे भाग आणि पुढच्या विक्रीचा भाव यावर त्याच लेखाखाली भरपूर चर्चा झाली आहे, ती वाचा. पुन्हा लिहीत नाही.

त्या जॅझची बिलं तुमच्याकडे असतील, किंवा तशीच पण कागद पूर्ण असलेली दुसरी जॅझ तुमच्या पाहण्यात असेल, तर जरूर कळवा. मी त्याच कुटुंबाला ती घ्यायला सांगेन आणि लेखात तसं लिहीन. जॅझशी माझं वैर नाही. फक्त पुढच्या वेळी शाळकरी पोरांना मध्ये न आणता लिहा.