पात्र : फक्त शासकीय खाती

वन्यजीव संवर्धनासाठीच्या एका अनुदानाचे नियम आज दुपारी वाचले. दुसऱ्याच पानावर ओळ होती : अर्जास पात्र, फक्त शासकीय खाती. आमच्यासारख्या ना-नफा संस्था पहिल्याच पायरीवर बाद. तेव्हापासून डोकं फिरलंय.

काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, बिबटा फासात अडकला होता. रानडुकरासाठी लावलेली मोटरसायकलच्या क्लचची वायर. पहाटे तीनला फोन कुणाला आला? आमच्या संस्थेतल्या पोराला. दिवसा पिकअप चालवतो तो. स्वतःच्या पैशाचं पेट्रोल घालून पोचला. बिबट्याला हात लावायचा अधिकार वन खात्याचाच, आणि तो तसाच राहू दे. पण बेशुद्ध करणारे डॉक्टर येईपर्यंत चार तास मोबाइल नाचवत पुढे घुसणाऱ्यांच्या हातापाया पडून त्यांना थोपवलं ते यानेच. बोंडांचा आंबूस वास सुटलेला, आणि वायर कमरेत रुतत चाललेली.

सत्तरीतलंच गोळावली गाव विसरलात? जानेवारी २०२०, म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिची पिल्लं, चार वाघ विषाने गेले. गुरं मारल्याच्या रागातून. ज्याची दुभती म्हैस वाघाने नेली, त्याच्या ओसरीवर त्याच संध्याकाळी जाऊन बसावं लागतं. पंचनाम्याला, भरपाईच्या कागदांना हातभार लावावा लागतो. आज इथे, उद्या बदली, अशा माणसाला ते कसं जमणार? गावातच राहणारा माणूस हवा. आणि नेमका त्याच्याच वाट्याला दमडी नाही!

जंगल तोडल्याच्या बदल्यात नवी झाडं लावायला जमणारा पैसा, ज्याला कॅम्पाचा पैसा म्हणतात, तोही २०१६च्या कायद्याने सरकारी निधीतच जातो. आम्ही दारोदार वर्गणी मागायची.

हो, संस्था काढून पैसे खाणारेही आहेत. मग हिशेब मागा, ऑडिट करा, चोराला काळ्या यादीत टाका. सगळ्यांनाच दार बंद कशाला?

वनरक्षकांवर माझा राग नाही. त्या पहाटे आलेला वनरक्षक आदल्या दिवसापासून ड्युटीवर होता. बिबट्याला नेल्यावर तो आणि आमचा पोर, दोघांनी मिळून त्याच भाटातून आणखी सात फास काढले. दोघांत एकच टॉर्च, तीही मिणमिणती.

अर्जासाठी सामानाची यादी पोरानेच केली होती. दोन टॉर्च, वायर कापायची पक्कड, जाड हातमोजे. मघाशी त्याचा फोन आला, "दादा, अर्ज भरला काय?"

उद्या सांगतो म्हटलं.