जेफरसनच्या नावावर खपवलेली प्रार्थना

अमेरिकेच्या हाउसचे, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचे, स्पीकर माइक जॉन्सन ३ जानेवारी २०२५ ला दुसऱ्यांदा निवडून आले, २१८ मतं, म्हणजे अगदी काठावर पास, आणि लगेच भाषणात त्यांनी एक प्रार्थना वाचून दाखवली. म्हणाले ही थॉमस जेफरसनची, राष्ट्राध्यक्ष होता ती आठ वर्षं तो रोज म्हणायचा आणि नंतर मरेपर्यंत म्हणत होता. ऐकायला छानच. फक्त जेफरसनने ती कधी म्हटली याला काडीचा पुरावा नाही. माँटिसेलो म्हणजे जेफरसनचं घर, तिथे त्याच्यावर संशोधन चालतं, त्या लोकांनी कधीचं सांगून ठेवलंय की बाबांनो ही त्याची नाही. आणि जेफरसन कोण? ज्याने ब्लेड घेऊन बायबलच्या नव्या करारातले चमत्कार कापून काढले, येशू परत जिवंत झाला तो भाग पण काढला, आणि उरलेली शिकवण तेवढी चिकटवून स्वतःपुरतं पुस्तक बनवलं. तो रोज सकाळी उठून त्या प्रार्थनेतलं 'आमचा प्रभू येशू ख्रिस्त' म्हणत असेल? काहीही हं.

आता कोणी म्हणेल एक चुकीचा फॉरवर्ड वाचला बिचाऱ्याने, सोडा की. पण जॉन्सन बिचारे नाहीत, वकील आहेत, आणि चांगले वकील आहेत. लुईझियानाच्या श्रीव्हपोर्टचे, सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिश्चन पंथाचे. हाउसमध्ये यायच्या आधी अलायन्स डिफेन्स फंड या ख्रिश्चन संस्थेच्या केसेस लढायचे. केंटकीत बायबलमधल्या नोहाच्या नौकेचं ते प्रचंड थीम पार्क आहे, नौकेत पिंजऱ्यातले डायनोसॉर पण ठेवलेत, त्यांच्यासाठीही कोर्टात उभे राहिलेत. ते ठीक आहे, वकील कोणाचंही काम घेतो. पण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा स्पीकर झाले तेव्हा भर सभागृहात म्हणाले की अधिकारावर माणसं बसवतो तो देवच, बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय. बरं. मग २०२० ला बायडनना कोणी बसवलं होतं? कारण त्या डिसेंबरमध्ये टेक्सासने बायडन जिंकलेल्या चार राज्यांचा निकाल उलटवायला सुप्रीम कोर्टात धाव घेतली तेव्हा हाउसमधल्या १२६ रिपब्लिकनांच्या सह्यांचा पाठिंबा उभा केला तो याच गृहस्थांनी. कोर्टाने ती केस दारातूनच परत पाठवली, तो भाग वेगळा.

जॉन्सन ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत, चष्मा, हसरा चेहरा, कॉलेजात एखादा आवडता सर असतो तसं बोलणं. म्हणून टीव्हीवर ते सहज सांगून जातात की चर्च आणि सरकार वेगळं ठेवण्याबद्दल लोकांचा गैरसमज झालाय, घटनेत तसे शब्दच नाहीत, ते जेफरसनच्या एका पत्रातले आहेत, आणि त्याचा अर्थ एवढाच की सरकारने चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये.

शब्द पत्रातले आहेत हे खरंच आहे. पण मग पत्र पूर्ण सांगा ना. १ जानेवारी १८०२ चं ते पत्र गेलं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना. बॅप्टिस्ट! म्हणजे जॉन्सनच्याच पंथाचे पूर्वज. तिथे सरकारी चर्च होतं काँग्रिगेशनल या दुसऱ्या ख्रिश्चन पंथाचं, त्याच्यासाठी कर भरायला लागायचा, आणि बॅप्टिस्ट माणसाला सूट पाहिजे असेल तर आधी सर्टिफिकेट आणून दाखवा की मी बॅप्टिस्ट आहे. त्यांना त्रास देणारे नास्तिक नव्हते हो, दुसरे ख्रिश्चनच होते. तेव्हा जेफरसनने पत्रात लिहिलेली चर्च आणि सरकार यांच्यामधली 'भिंत' ही या लोकांच्या तक्रारीला दिलेलं उत्तर होतं.

आणि त्याच दिवशी, त्याच १ जानेवारीला, मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावातून जेफरसनला भेट म्हणून एक चीज पोचलं, एकच, वजन १२३५ पाउंड, म्हणजे साधारण ५६० किलो. घेऊन आला बॅप्टिस्ट पाद्री जॉन लेलंड. (ते कोणी आणि किती दिवस खाल्लं असेल हा वेगळाच विषय.) दोन दिवसांनी लेलंडने हाउसच्या सभागृहातच प्रवचन दिलं आणि जेफरसन ऐकायला गेला. जॉन्सनच्या बाजूचे लोक ही प्रवचनाची गोष्ट हमखास पुढे करतात, आणि ती खरी आहे, नाकारायचं कारण नाही. पण प्रवचन देणारा लेलंड काय मानायचा ते नाही सांगत. त्याने १७९० मध्येच लिहून ठेवलं होतं की ख्रिश्चन राज्य ही कल्पना कायमची मोडीत काढा, आणि ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक, ख्रिश्चन सगळे सारखेच मोकळे असले पाहिजेत. मूर्तिपूजक म्हणजे आपण आलो त्यात.

मग जॉन्सनना हा इतिहास कोणी शिकवला? डेव्हिड बार्टन. टेक्सासचे, इतिहासाचं शिक्षण नाही, पण आयुष्य गेलं अमेरिका मुळात ख्रिश्चन राष्ट्र म्हणूनच स्थापन झाली हे सांगण्यात. २०१२ मध्ये त्यांचं जेफरसनवरचं पुस्तक त्यांच्याच ख्रिश्चन प्रकाशकाने दुकानांतून परत बोलावलं, कारण त्यातल्या माहितीवर भरवसा राहिला नाही. आणि जॉन्सन २०२१ मध्ये बार्टनच्याच संस्थेच्या कार्यक्रमात म्हणाले की या माणसाचा माझ्यावर फार खोल प्रभाव आहे. आता ती प्रार्थना कुठल्या वातावरणातून आली असेल याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

माझा एक मावसभाऊ डॅलसला असतो, तो म्हणतो अगं धार्मिक माणूस आहे, बरंच आहे की, आपल्याला काय करायचंय. करायचंय कसं नाही? २००७ च्या जुलैत सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, राजन झेद म्हणत होते, तेव्हा गॅलरीतून ओरडाआरडा झाला आणि तिघांना अटक करायला लागली. टेक्सासमधल्या शुगरलँडला हनुमानाची ९० फुटी मूर्ती उभी राहिली तर २०२५ मध्ये सिनेटला उभा राहणारा एक रिपब्लिकन उमेदवार विचारतो की आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत, ही खोट्या देवाची मूर्ती इथे का? जॉन्सन असं बोललेले नाहीत, ते इतकं उघड बोलणारच नाहीत. पण 'ख्रिश्चन राष्ट्र' हा जो पाया आहे त्याला सभ्य भाषेत, स्पीकरच्या खुर्चीवरून सिमेंट कोण लावतंय?

आणि डॅलसचंच बोलू. टेक्सासमध्ये २०२५ ला कायदा झाला, सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर, कमीत कमी १६ बाय २० इंच, वर्गात कुठूनही वाचता येईल असं. लगेच कोर्टकचेऱ्याही सुरू झाल्या. २०२३ मध्ये असंच बिल आलं होतं तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हेच बार्टन गेले होते. पोस्टरवर सुरुवातीलाच आहे माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस, मग मूर्ती करू नकोस. भावाची मुलगी तिसरीत आहे, सरकारी शाळेत, आणि दरवर्षी गणपतीची मूर्ती ती स्वतः शाडूची करते, सोंड हमखास वाकडी होते. तिने टीचरला विचारलं की मी करते ते चूक आहे का, तर टीचरने काय सांगायचं, ते भावाने मला सांगावं.